वाचकांचे प्रश्न : ताक-भात की पाकिटातली पावडर?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. माझा ५ वर्षांचा मुलगा जूनपासून चार वेळा सर्दी-खोकल्याने आजारी पडला आणि त्यात दोनदा अँटिबायोटिक घ्यावे लागले. आता मी प्रोबायोटिकची, म्हणजे उपयुक्त जिवाणूंची, पाकिटे आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ एक पावडर आणली आहे. सासूबाईंचे म्हणणे, पैसे वाया घालवू नकोस, ताक-भात दे. मुलगा सकाळी दूध-बिस्किटे खातो, डब्याला जॅम-ब्रेड नाहीतर नूडल्स लागतात आणि भाजीला तो हात लावत नाही. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : या वयाच्या मुलाला वर्षातून ६ ते ८ वेळा सर्दी होणे हे प्रतिकारशक्ती कमी असल्याचे लक्षण नाही, शाळेत नवनवे विषाणू भेटतात आणि शरीर एकेकाची ओळख करून घेते. वजन वाढत नसेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, कान वाहत असेल किंवा जुलाब दोन आठवड्यांहून अधिक टिकले असतील, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. त्याचा घाव बसतो तो आतड्यातल्या जिवाणूंवर, आणि ती वस्ती पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

आपला प्रश्न खरे म्हणजे याच वस्तीचा आहे. माणसाच्या शरीरात जेवढ्या स्वतःच्या पेशी, साधारण तेवढेच जिवाणू असतात, असा अंदाज २०१६ साली मांडला गेला, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. त्यांच्यात आणि आपल्यात आतड्याचे जे अस्तर असते, ते अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असून दर चार-पाच दिवसांनी नवे होते. एवढ्या पातळ भिंतीआड शरीर आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा वाटा ठेवते, हे ओघानेच आले. लहान आतड्यात या पेशींचे पुंजके असतात. योहान पायर या स्विस वैद्याने १६७७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना आजही ‘पायरचे पुंजके’ म्हणतात. समोरून जाणाऱ्या अन्नाचे आणि जिवाणूंचे नमुने तेथे तपासले जातात, कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे हे पेशी तेथे शिकतात आणि आयजीए नावाची प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना अडवणारी प्रथिने, अस्तरावरच्या चिकट थरात पाठवतात.

आता जिवाणूंना काय लागते ते पाहू. साखर, मैदा यांचे पचन वरच्या आतड्यातच उरकते. खाली पोहोचतो तो मुख्यतः तंतू, म्हणजे कोंडा, साल, भाजीचे देठ, कडधान्याचे टरफल. तो आंबवून जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचे ब्युटिरेट हेच मुख्य इंधन आहे. शिवाय टी-पेशी नावाच्या ज्या रोगप्रतिकारक पेशी प्रतिकाराला आवर घालतात, त्यांच्या वाढीलाही ते मदत करते. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही जाहिरातींची भाषा मला खटकते. दमा, ॲलर्जी हे तर अवाजवी प्रतिकाराचेच आजार आहेत. आपल्याला हवा असतो तो वेळेवर उठणारा आणि वेळेवर शांत होणारा प्रतिकार. आपल्या मुलाच्या जॅम-ब्रेडमधून या जिवाणूंच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतो, तर पॉलिश केलेल्या तांदळात तो ३ ग्रॅमही भरत नाही.

तेव्हा सासूबाईंचे निम्मे खरे. ताक उत्तमच, पण नुसता ताक-भात पुरेसा नाही. त्याच भातावर मोड आलेल्या मुगाची पातळ उसळ घाला. डब्यात नाचणीचे घावन किंवा थालीपीठ द्या आणि भाजी दिसली की तो तोंड फिरवत असेल, तर किसलेला लाल भोपळा त्या पिठातच मळा. भोपळ्याचा मुद्दा चवीपुरता नाही. त्यातून अ जीवनसत्त्व मिळते, त्यावाचून आतड्याचे अस्तर नीट बांधले जात नाही आणि रोगप्रतिकारक पेशींना आतड्याकडे परतण्याची खूणही त्यातूनच मिळते. थालीपिठावर चमचाभर तेल सोडायला कचरू नये, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धाबरोबरच शोषले जाते. पावसाळ्यात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका टाकळा घेऊन बसतात, तोही कोवळा पाहून घ्यावा. हे सारे आठवड्यात एकेक करून वाढवावे. एकदम तंतूंचा मारा केला, तर पोट फुगते आणि मूल त्या पदार्थाचे नावही काढू देत नाही.

अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब काही विशिष्ट प्रोबायोटिकांनी कमी होतात, तेवढ्यापुरती पाकिटे डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावीत. सर्दी थांबवण्याचा त्यांचा पुरावा तोकडा आहे. पावडरीच्या डब्यावरची घटकांची यादी वाचा. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर तो डबा दुकानात परत करा.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा आहे. कवळी बसवल्यापासून चहात बुडवलेली खारी आणि मऊ भात एवढेच जाते. यंदा दोनदा ताप आला. आहाराचा संबंध असेल का? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : असू शकतो. प्रतिपिंडे ही प्रथिनेच आहेत आणि आपल्या जेवणात प्रथिने जवळजवळ नाहीत. मुगाचे धिरडे, घट्ट वरण, दही, अंडे आणि चालत असल्यास बोंबील किंवा पापलेटाचे कालवण, यांतले काही ना काही दोन्ही वेळा घ्यावे. कवळी टोचत असेल, तर आधी दंतवैद्यांकडून ती घासून घ्या. आणि फ्लू व न्यूमोकोकल (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) या लशींबद्दल डॉक्टरांशी बोला. त्यांचे काम कोणताही आहार करू शकत नाही.

प्रश्न : रात्रीचा भात सकाळी खाल्ल्याने ‘चांगले जिवाणू’ मिळतात, असा संदेश फिरतो आहे. खरे का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : कारण चुकीचे, फायदा थोडा खरा. भात थंड झाला की त्यातल्या काही पिष्टाचे (स्टार्चचे) रूप पालटते, ते वरच्या आतड्यात पचत नाही आणि खालच्या जिवाणूंना मिळते. फोडणी दिल्यावरही त्यातले बरेचसे टिकते. मात्र तांदळात बॅसिलस सीरिअस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपे, असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. जुलैच्या दमट हवेत भात रात्रभर ओट्यावर राहिला, तर ते वाढून विष तयार करतात, आणि उलट्या करवणारे त्यांचे विष फोडणीच्या कढईतही नष्ट होत नाही. भात परातीत पसरून निववा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी फोडणी द्या.