नळपाणी योजना, खाडीकाठच्या विहिरी आणि कपाटातली वही

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण साठ टक्क्यांच्या आसपास. आमच्या शहरासाठी नदीवर नवी नळपाणी योजना होते आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी ती खाडीकाठच्या विहिरींचं पाणी तपासत फिरते. आता म्हणते, प्रकल्पांचे पर्यावरणावर काय परिणाम होतात ते तपासण्यातच करिअर करायचं. पिण्याच्या पाण्याच्या योजनेला पर्यावरण मंजुरी लागतच नाही, मग त्यात नोकरी कसली? परीक्षा होईपर्यंत तिची वही मी कपाटात ठेवली आहे. मी त्याच नगर परिषदेत नोकरीला आहे. बी.एड. करावं की एमपीएससी, ते सांगा. वहीच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवतो.
— एक पालक, जि. रत्नागिरी

उत्तर : नमस्कार. गुणांची काळजी करावी असं तुमच्या पत्रात काही नाही. मला काळजी वाटली ती ‘मी त्याच नगर परिषदेत नोकरीला आहे’ या वाक्याची. पत्राचं खरं कारण तिथे आहे.

उद्या एखादे साहेब किंवा नगरसेवक विचारतील, ‘काय हो, तुमची मुलगी योजनेच्या आड येते म्हणे?’, ही तुमची धास्ती. छोट्या शहरात असं विचारतात आणि नोकरदार माणसाला ते लागतं. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण ती तुमची भीती आहे आणि करिअरच्या नावाखाली तुम्ही ती मुलीच्या माथी मारता आहात. तिला सरळ सांगा, ‘बाळा, मला ऑफिसात त्रास होईल असं वाटतं.’ पदवीच्या उंबरठ्यावरची मुलगी हे समजून घेते. शहराचं नाव न घालता प्रकल्प लिहिता येतो, तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांशी बोलता येतं. वही कुलूपबंद करून तिला एवढंच कळेल की खरं मोजायला गेलं की घरचेच अडवतात. वही आजच परत द्या. एप्रिल-मेच्या नोंदी एकदा हुकल्या की त्यांच्यासाठी वर्षभर थांबावं लागतं.

ती दोन पानं मी नीट पाहिली. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आहे, तिथी आहे, भरती-ओहोटीची वेळ आहे. एकाच विहिरीचं पाणी तिने अष्टमीला, भांगाच्या म्हणजे भरती सर्वांत कमी चढते त्या दिवसांत तपासलं आणि अमावास्येच्या उधाणालाही. उधाणाच्या आकड्यात क्षार चढलेले दिसतात. समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘काकी म्हणाल्या, मे महिन्यात या पाण्यात डाळ शिजत नाही.’ हे तिला कोणी शिकवलं असेल तर त्या शिक्षकांना माझा नमस्कार कळवा. पाण्याची एक बाटली भरून घेऊन त्यावर आख्खं प्रकरण लिहिणारे अहवाल मी वाचलेले आहेत.

तिच्या नोंदींचा अर्थ तुम्हालाही कळायला हवा. कोकणात पाऊस उदंड, पण जांभ्यातून पाणी झिरपून जातं आणि फेब्रुवारी-मार्चपासून नद्या रोडावतात. वाशिष्ठीला कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारं पाणी मिळतं म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. बाकीच्या बहुतेक नद्यांना तो आधार नाही. नदीतून जे थोडं गोडं पाणी खाली येतं, तेच खाडीचं खारं पाणी रेटून धरतं. जॅकवेलवर, म्हणजे नदीतलं पाणी उचलण्यासाठी बांधलेल्या विहिरीवर, पंप लावून तेच उपसलं, की खार वर सरकतो. आधी काठच्या विहिरी जातात. जॅकवेलची जागा चुकली असेल तर तीही त्यातून सुटत नाही, आणि मग साऱ्या शहराच्या नळाला मचूळ पाणी येतं. आज जागा थोडी वर सरकवली तर चार पाइप जास्त लागतील, बांधून झाल्यावर सरकवता येणार नाही. हे वेळेत सांगणारी मुलगी योजनेच्या आड येत नाही, तिच्यामुळे योजना टिकते.

आता तुमच्या ‘मंजुरी लागतच नाही’बद्दल. पर्यावरण मंजुरीसाठीच्या २००६च्या अधिसूचनेतल्या यादीत निव्वळ पिण्याच्या पाण्याच्या योजना नाहीत, इथवर तुमचं बरोबर. पण जलवाहिनी राखीव वनातून गेली की वनजमिनीची परवानगी आलीच. किनारपट्टी नियमन क्षेत्रात शिरली की २०१९ची सीआरझेड अधिसूचना आली. खाडीत या क्षेत्राची हद्द कुठवर जाते, ते कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता हजारी पाच भाग कुठवर असते यावर ठरतं. तुमची मुलगी याच प्रश्नाच्या अगदी जवळ पोहोचली आहे. जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँक कर्ज देते तेव्हा यादी काहीही म्हणो, पर्यावरणीय आणि सामाजिक परिणाम तपासावेच लागतात. आणि परिणाम काही यादी वाचून होत नाहीत. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, असं हिशेबात धरतात. योजना माणशी १३५ लिटरची असेल तर माणशी १०८ लिटर रोज परत बाहेर पडणार. भुयारी गटार नसेल तर ते ओढ्यातून खाडीतच जाणार. जलशुद्धीकरण केंद्रात फिल्टर धुतल्यावर निघणारा तुरटीचा गाळ कुठे टाकणार, हेही आधीच विचारावं लागतं.

एमपीएससी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची भरती, नेट, गेटमधला पर्यावरणाचा पेपर या वाटा पुढेही राहतील, त्यांची माहिती कुठेही मिळेल. बी.एड. तिला शिकवायची ओढ असेल तर करावं. पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

तिच्यासाठी मात्र एक सूचना आहे. पर्यावरण मंजुरीचे अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांना नॅबेट या राष्ट्रीय मंडळाची मान्यता लागते आणि तिथे नुसतं ‘पर्यावरणतज्ज्ञ’ असून भागत नाही. जलप्रदूषण, भूजल, परिसंस्था आणि जैवविविधता, भू-वापर, समाज-अर्थ अशी वेगवेगळी क्षेत्रं असतात, त्यातलं एक धरावं लागतं. भूजलाची वाट भूविज्ञानाच्या पदवीशिवाय अवघड आहे, हे आत्ताच कळलेलं बरं. परिसंस्थेचं दार तिला उघडं आहे. पुणे किंवा शिवाजी विद्यापीठातलं पर्यावरणशास्त्र चांगलंच, पण तिची वही पाहता मी गोवा विद्यापीठातल्या सागरी विज्ञानाचा विचार आधी करायला सांगेन. पात्रतेच्या अटी तिने स्वतः वाचाव्यात. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ते सुट्टीत शिकून विहिरी नकाशावर बसवाव्यात. योजनेचा प्रकल्प अहवाल हवा असेल तर माहितीच्या अधिकारात तिने रीतसर अर्ज करावा. तुम्ही ऑफिसातून कागद आणून देऊ नका, त्याने दोघंही अडचणीत याल.

या क्षेत्रात सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच देतो, त्यामुळे नको ते आकडे गाळायचा दबाव येतो. जुन्या अहवालातली पानं नव्यात चिकटवणारी ऑफिसंही आहेत. म्हणून मुलाखतीला जाईल तेव्हा तिने विचारावं : मागच्या अहवालाच्या नोंदी कोणत्या महिन्यांत घेतल्या, प्रत्यक्ष जागेवर कोण गेलं होतं, मूळ नोंदी जपून ठेवता का, आणि मला जागेवर पाठवाल का? याची उत्तरं धड मिळाली नाहीत तर पगार बरा असला तरी तिथे रुजू होऊ नये.