काळी बुरशी : यात काळं नेमकं काय?

विचारणा अशी आहे : ‘म्युकरमायकोसिसला मराठीत “काळी बुरशी” म्हणावं का? माझा डॉक्टर भाऊ म्हणतो, हा शब्दच चुकीचा आहे. मग बरोबर शब्द कोणता?’

भावाचं म्हणणं खरं आहे. पण चूक कुठे झाली, ते बघण्यासारखं आहे.

2021 च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ‘ब्लॅक फंगस’चं शब्दशः भाषांतर होऊन हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत आला. हा रोग बहुतेक वेळा रायझोपस आणि तिच्या भाईबंद बुरशांमुळे होतो. शिळ्या पावावर जी कापसासारखी पांढरी बुरशी चढते, ती याच घराण्यातली. पुढे तिच्यावर काळपट ठिपके येतात, त्या बीजाणूंच्या पिशव्या. रोगातला काळेपणा मात्र त्या ठिपक्यांचा नव्हे. साखर हाताबाहेर गेलेली असली किंवा स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती दबलेली असली की ही बुरशी नाकावाटे सायनसमध्ये रुजते, तिचे धागे रक्तवाहिन्यांत घुसतात, रक्त गोठतं, आणि पुढचं मांस रक्ताविना मरून काळं पडतं. नाकात किंवा टाळूवर दिसणारा काळा भाग म्हणजे मेलेलं मांस. बुरशी बिचारी पांढरीच! (बिचारी कसली म्हणा. कित्येकांचा जबडा नि डोळा काढावा लागला.)

आता मराठीतलाच एक जुना शब्द बघा : काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. तिथेही मधोमध मेलेल्या कातडीची काळी खपली धरते. पण तिथे ‘काळ’ जोडलाय तो पुळीला, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं त्याला. म्हणून तो शब्द चपखल आहे. ‘काळी बुरशी’त लक्षणाचा रंग रोगजंतूच्या माथी मारलाय. गंमत म्हणजे कवकशास्त्रात (कवक म्हणजे फंगस; त्यात बुरशी, यीस्ट, अळंबी सगळं आलं) खरोखरच्या काळ्या बुरशा वेगळ्या आहेत. त्यांच्या धाग्यांतच मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य असतं आणि त्यांचे रोगही निराळे.

या नावाने घोळ झालाच. कांद्याच्या सालीखाली काळी भुकटी दिसते, तीही बुरशीच, अ‍ॅस्परजिलस नायजर. नाव जुळलं म्हणून ‘कांद्यामुळे काळी बुरशी होते’ असे निरोप फोनाफोनी फिरले. दोन्हींचा काही संबंध नाही. मग ‘पांढरी बुरशी’ आणि ‘पिवळी बुरशी’ही निघाल्या. पांढरी म्हणजे कँडिडा. ती तर प्रामुख्याने यीस्ट, म्हणजे रूढ अर्थाने बुरशीसुद्धा नव्हे. रंगांवरून नावं देऊ नका, असं एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीही तेव्हा सांगितलं होतं.

मला स्वतःला रंगापेक्षा क्रियापदात जास्त रस वाटला. मराठीत बुरशी ‘येते’, ‘चढते’, ‘लागते’, ‘धरते’. लोणच्याला येते, चपलेवर चढते, आणि आपण ती पुसून टाकतो. माणसाला बुरशी कधी ‘होत’ नव्हती. माणसाला होतो तो नायटा, गजकर्ण, पावसाळ्यात चिखल्या. कातडीवरच्या बुरशीला आपण बुरशी न म्हणता रोगाचं स्वतंत्र नाव दिलं होतं. पिकांचंही तसंच : द्राक्षावर भुरी नि केवडा, गव्हावर तांबेरा, ज्वारीवर काणी. ‘त्यांना काळी बुरशी झाली’ हे वाक्य 2021 पूर्वी कानाला विचित्रच लागलं असतं.

‘म्युकरमायकोसिस’ तरी कुठे फार शास्त्रशुद्ध आहे? लॅटिन ‘म्युकर’ म्हणजे बुरशी आणि ग्रीक ‘मायकेस’ म्हणजेही अळंबी-बुरशी. म्हणजे ‘बुरशी-बुरशीरोग’. फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1729 मध्ये ‘म्युकर’ हे एका बुरशीचं नाव म्हणून नोंदवलं. ‘अ‍ॅस्परजिलस’ हे नावही त्याचंच. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायचं जे साधन असतं, त्यासारखी ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसली म्हणून. गोव्यातल्या वाचकांना ते साधन डोळ्यांसमोर येईल.

तर उत्तर : लिहिताना ‘म्युकरमायकोसिस’च लिहावं. गटाने बोलायचं तर ‘बुरशीजन्य आजार’ पुरेसं आहे. यीस्टही त्यात धरायचं असेल, तर ‘कवकसंसर्ग’ जास्त नेमका. भाषांतरच करायचा हट्ट असेल, तर काळपुळीच्या धर्तीवर दिसणाऱ्या जखमेचं नाव घडवावं लागेल, पण आता त्याला उशीर झालाय. लोकांनी आपला मार्ग केव्हाच काढला. लांबलचक नावाचं शेपूट कापून, त्याला पुल्लिंग देऊन, नायटा-गजकर्णाच्या पंगतीत बसवलं : ‘काकांना म्युकर झाला होता.’