गार्डकाकांना विचारा : घाट कुणाचा?

प्रश्न : मी दर आठवड्याला पुणे-दादर करतो. बोरघाटाची वाट शिंग्रोबा धनगरानं दाखवली, असं आजी सांगायची. व्हॉट्सॲपवर म्हणतात, घाट एका इंग्रज बाईनं बांधला. खरं काय? आणि घाटात गाडी मध्येच उलटी निघायची, ही थाप ना?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : थाप नाही. आधी तेच सांगतो, कारण सव्वीस वर्षं मी या घाटात हिरवी-लाल बावटी धरली आहे.

घाटाची आखणी जेम्स बर्कलेची. इंग्लंडातला नामांकित रेल्वे इंजिनियर रॉबर्ट स्टीफन्सन याच्या हाताखाली तयार झालेला हा गडी १८५० मध्ये, ऐन तिशीत, जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनियर म्हणून मुंबईत आला. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडीही त्याच्याच हातची, पण ती सपाटीवरची. खरी परीक्षा सह्याद्रीत. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे, पंचवीस बोगदे काढायचे. सगळ्यात उभ्या जागी सदतीस फुटांमागे एक फूट चढ. फार उभा रूळ टाकला तर चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणजे वाट लांबवायची, डोंगराला वळसे घालायचे. पण एका जागी सोंड इतकी चिंचोळी की वळसा मावेना. मग बर्कलेनं गाडी वळवलीच नाही! सोंडेवर सपाट जागा केली. गाडी तिथं यायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि शेपटीकडचा डबा पुढे होऊन गाडी वर निघायची. मुंबईला पहिल्या डब्यात बसलेला पुण्याला शेवटच्या डब्यातून उतरायचा. हे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नवी वाट झाल्यावर बंद पडलं. आमचे आजोबा मात्र शेवटपर्यंत 'गाडी कूस बदलते' असंच म्हणत.

बाईचं म्हणाल तर निम्मं खरं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथं आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, कंत्राट सोडलं नाही; जाणती माणसं नेमून काम तडीस नेलं. आखणी तिची नव्हे. आणि सुरुंग ठासले, दगड वाहिले ते आपल्याच लोकांनी. १८६१ मध्ये चाळीस हजारांवर माणसं एका वेळी घाटात राबत होती. पटकीनं त्यांतली किती नेली! व्हॉट्सॲपवर त्यांचा फोटो फिरत नाही.

शिंग्रोबाची गोष्ट ही आख्यायिका, आणि त्याचं देऊळ मोटाररस्त्यावर आहे. तरी खोपोलीहून चढताना मीही तिथं नाणं टाकतो. डोंगराची वाट धनगराला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?

खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती. मधला घाट व्हायचा होता, म्हणून मुंबईहून येणारे खोपोलीला उतरून पालखीतून नाही तर पायी वर येत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. तुम्ही कर्जतला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागेपर्यंत वडा खाता, तेवढ्यात कंटाळता! एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. बर्कले त्याआधीच, ऑगस्ट १८६२ मध्ये, इंग्लंडात वारला होता, वय बेचाळीस. स्वतःच्या घाटातून तो गाडीनं एकदाही पुण्याला आला नाही.