आयएल-६ उतरला, सीआरपी चढला: मूल सुधारतंय की बिघडतंय?

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या मुलाला सेप्सिस (संसर्गामुळे अवयव धोक्यात येणं) म्हणून आयसीयूत ठेवलं होतं. पहिल्या दिवशी आयएल-६ (दाहाचा निरोप नेणारा रेणू) १४०० आणि सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन) ४२ होता. दुसऱ्या दिवशी आयएल-६ ९० वर आला, पण सीआरपी १५० झाला. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. मग सीआरपी का वाढला? आणि आयएल-६ एवढा म्हणजे आजार फार गंभीर होता का?

उत्तर : दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात, कारण दोघांची घड्याळं वेगळी आहेत. जंतू रक्तात शिरले की पांढऱ्या पेशी आधी टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू आणि पाठोपाठ काही तासांत आयएल-६ सोडतात. आयएल-६ रक्तात फार टिकत नाही; अँटिबायोटिक लागू पडलं की भराभर उतरतो. सीआरपी मात्र यकृत बनवतं, तेही आयएल-६ चा निरोप मिळाल्यावर. तो वाढायला ६ ते १२ तास लागतात आणि शिखर साधारण दुसऱ्या दिवशी येतं. म्हणजे तुम्ही पाहिलेला १५० हा आदल्या दिवशीच्या लढाईचा हिशेब होता. प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात रक्तात वाढणारा आणखी एक रेणू) या दोघांच्या मधे: ४ ते ६ तासांत वाढतं आणि संसर्ग आटोक्यात आला की रोज साधारण निम्मं होत जातं.

गंभीरतेबद्दल: आयएल-६ आणि त्याच्यासारखाच दाह वाढवणारा आयएल-८ खूप वाढलेल्या मुलांत शॉक (रक्ताभिसरण कोलमडणं) आणि अवयव निकामी होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. दाह शमवणारा आयएल-१० सुद्धा अशा मुलांत चढलेला असतो. आग मोठी तसा पाण्याचा माराही मोठा. पण एका आकड्यावर निदान करू नये. डेंग्यू, भाजणं, मोठं ऑपरेशन यांतही आयएल-६ वाढतो, आणि नवजात बाळाचं प्रोकॅल्सिटोनिन पहिले दोन दिवस संसर्गाविनाही जास्त असतं. मुलांतलं सेप्सिस ठरवणाऱ्या २०२४ च्या फिनिक्स निकषांत यातला एकही रेणू नाही. तिथे संसर्गाच्या संशयासोबत श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणं आणि मूल शुद्धीवर असणं यांचे मिळून किमान २ गुण लागतात. आम्हाला ते योग्यच वाटतं.

आकड्यांची तुलना करताना लॅब आणि किट एकच हवं. आयएल-६ चा नमुना तासन्‌तास बाहेर पडून राहिला तर आकडा भरवशाचा राहत नाही. आणि रिपोर्टसाठी औषध थांबवायचं नसतं: शक्य तर आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) घ्यावं, पण शॉक असेल तर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात गेलंच पाहिजे.

घरी आल्यावर पुन्हा ताप आला तर लॅबच्या आधी मुलाकडे बघा. हातपाय गार पडलेत का, श्वास जोरात चाललाय का, मूल सुस्त आहे का, सहा तासांत लघवी झाली का. बोटाचं टोक ५ सेकंद दाबून सोडा. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.