थंडीच्या सुट्टीतली बेअरिंगची गाडी मुलांना बनवून द्यायची आहे. मजा तीच राहावी, पण हातपाय मोडू नयेत. कशी बनवावी?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत: फळी, दोरी आणि चाकांच्या जागी लोखंडी बेअरिंगं घेऊन उतारावरून सुटणारी ती गाडी पुन्हा कशी बनवायची, आणि आपल्या लहानपणीचा बेधडकपणा आजच्या मुलांना द्यायचा की नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरच सगळी मापं ठरतात. द्यावा, अगदी जरूर द्यावा. त्या गाडीची धमाल तीन गोष्टींत होती. बूड जमिनीपासून वीतभरही उंच नसायचं, लोखंड रस्त्यावर घासून कानठळ्या बसायच्या, आणि वळवायचं सगळं दोरी आणि पायांच्या भरवशावर. या तिन्हींतून गंभीर इजा होत नाही. इजा होते ती ब्रेक नसल्याने, पुढची आडवी दांडी हवी तेवढी फिरत असल्याने आणि उतार भलताच निवडल्याने. तेवढं सुधारा, बाकी गाडी होती तशीच ठेवा. रबरी चाकं लावायचा मोह मुळीच नको. त्यांनी गाडी शांत होते, सुसाट होते आणि वेग कळेनासा होतो. लोखंडी बेअरिंग खडबडीत डांबरावर स्वतःच बराच वेग खातं, तेच बरं.

बेअरिंग. गॅरेजमध्ये किंवा मोटर दुरुस्तीवाल्याकडे बदलून काढलेली जुनी बेअरिंगं चालतात. बेअरिंगवरचा आकडा वाचायला शिका. ६२ ने सुरू होणाऱ्या मालिकेत शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्याहून मोठे असतील, तर त्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. ६२०५ म्हणजे भोक २५, ६२०६ म्हणजे ३०. ६२०३ त्या नियमात बसत नाही, त्याचं भोक १७. बाहेरचा व्यास ६२०४ चा ४७ मिमी, ६२०५ चा ५२, ६२०६ चा ६२.

मी ६२०६ च सुचवेन. चाक मोठं म्हणून खड्यावरून चढतं हे एक कारण, पण खरं कारण लाकडाचं आहे. आसाचं, म्हणजे चाकं बसवायच्या आडव्या दांडीचं, टोक बेअरिंगच्या भोकात जातं आणि सगळा भार त्या टोकावर येतो. गोल टोकाची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २५ ऐवजी ३० मिमीचं टोक सुमारे १.७ पट भार सोसतं. जुन्या गाड्यांचे आस नेमके तिथेच, चौकोनी लाकूड गोल टोकाला मिळतं त्या खांद्यापाशी मोडायचे.

जुनं बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने साफ करा, वाळवा, हाताने फिरवून पाहा. थोडी घरघर चालेल. खटका बसत असेल किंवा बाहेरच्या रिंगवर केसासारखी चीर दिसत असेल तर ते फेकून द्या. हवेच्या झोताने गरागरा फिरवून वाळवू नका. आवाज मजेशीर येतो खरा, पण त्या वेगाला बेअरिंग फुटून आतल्या लोखंडी गोळ्या उडू शकतात. साफ झाल्यावर ग्रीस भरा. नुसत्या पातळ तेलावर गाडी जास्त पळते, पण धूळ आत शिरून चार दिवसांत बेअरिंग खाते. थंडीच्या सकाळी ग्रीस घट्ट असतं, म्हणून पहिल्या एकदोन फेऱ्या मंद जातात. त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

आस. ५० × ५० मिमीचं सागवान, बाभूळ किंवा कुठलंही कणखर लाकूड, सरळ रेघांचं, टोकांपाशी गाठ नसलेलं. दोन तुकडे, प्रत्येकी सुमारे ५० सेंमी, शिवाय दोन्ही टोकांना चाकासाठी थोडं जास्त. ६२०६ ची रुंदी १६ मिमी असते, तेव्हा गोल टोक २५ मिमी लांब ठेवा.

इथे एक चूक हमखास होते. टोक लाकडाच्या बरोबर मधोमध तासलं जातं. मग ६२ मिमीच्या चाकाची त्रिज्या ३१, लाकडाची निम्मी जाडी २५, आणि आसाखाली उरतात फक्त ६ मिमी. ५२ मिमीच्या बेअरिंगला तर एकच मिमी उरतो आणि गाडी पहिल्या उंचवट्यावर टेकते. म्हणून गोल टोक लाकडाच्या खालच्या बाजूला लागून काढा, म्हणजे गोलाचा तळ आणि लाकडाचा तळ एका पातळीत. आता खाली १६ मिमी मोकळे मिळतात आणि वरची फळी धरून बैठक जमिनीपासून साधारण साडेआठ सेंमीवर येते.

टोक पटाशीने तासा, शेवटचा अर्धा मिमी कानशीने उतरवा. भोकापेक्षा अगदी किंचित जाड ठेवायचं, कडा थोडी निमुळती करायची. बेअरिंग बसवताना ठोका फक्त आतल्या रिंगवर, त्या मापाचा पाइपचा तुकडा ठेवून. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर तो मार गोळ्यांमधून जातो, त्यांच्या चरीत खळगे पडतात आणि बेअरिंग जन्मभर खडखडतं. हातोडी सरळ बेअरिंगवर मारू नका. ते पोलाद कडक आणि ठिसूळ असतं, कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. ठोकाठोकीला चष्मा हवाच.

आता थंडीचा खास त्रास. कोरड्या हवेत लाकूड आकसतं. पावसाळी दिवसांत घट्ट बसवलेलं चाक हिवाळ्यात ढिलं पडून उतारावर निखळतं. उपाय हातोडीच्या दांड्यासारखाच: टोकात करवतीने २ सेंमी खोल खाच घ्या, बेअरिंग बसवल्यावर त्यात कडक लाकडाची पाचर ठोका. वर एक वॉशर ठेवून मधोमध जाड स्क्रू आवळा. वॉशर आतल्या रिंगेपुरताच हवा. बाहेरच्या रिंगला टेकला तर चाक अडतं.

लाकूड तासायचं नसेल तर ६२०४ आणि २० मिमीचे बोल्ट घेऊन ते आसाच्या तळाला यू-क्लॅम्पने आवळता येतात. काम लवकर होतं, गाडी जड होते.

फळी. १८ मिमी प्लाय, १०० × ३० सेंमी, खाली लांबीने दोन पट्ट्या. पट्ट्या दोन्ही आसांच्या मधल्या भागातच, आसांवर चढू देऊ नका. मागचा आस मागच्या कडेपासून १५ सेंमी आत, दोन १० मिमी बोल्टनी. खिळे नकोत, थरथरीने ते तासाभरात सैल होतात. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, घ्या. पुढच्या खिळीच्या, म्हणजे पुढचा आस ज्या बोल्टवर फिरेल त्याच्या, जागेपासून मागच्या दोन्ही चाकांपर्यंतचं अंतर दोरीने मोजा. ते सारखं नसेल तर गाडी कायम एका बाजूला ओढते आणि मूल दोरीशी झुंजत बसतं.

स्टिअरिंग. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचा आस एका १२ मिमी बोल्टवर फिरतो, पुढच्या कडेपासून १० सेंमीवर. तिथे फळीला वरून १५ × १५ सेंमीचा प्लायचा आणखी एक तुकडा चिकटवून स्क्रू मारा, नाहीतर भोक लांबट होत जातं. फळी आणि आस यांच्यामध्ये दोन मोठे वॉशर, त्यांना ग्रीस किंवा मेणबत्तीचं मेण. नट इतका आवळा की आस हाताने फिरेल पण डुगडुगणार नाही.

मग फळीच्या तळाला, आसाच्या मागे दोन लाकडी ठोकळे बसवा. आस प्रत्येक बाजूला २० ते २५ अंशांपेक्षा जास्त वळताच त्यांना अडला पाहिजे. मागच्या पिढीच्या जखमा ज्यांना आठवतात त्यांनी हे ठोकळे विसरू नयेत. आस मोकळा असेल तर एखाद्या खड्याने एक चाक अडतं, दांडी गर्रकन आडवी होते, गाडी जागीच थांबते आणि बसणारा मात्र पुढे जातो. गुडघे, हनुवटी, दात अशाच वेळी जातात.

दोरी बोटाएवढी जाड, दोन्ही टोकं चाकांपासून पाचेक सेंमी आत बांधलेली. उजवीकडे वळायचं तर उजवी दोरी ओढायची आणि डाव्या पायाने दांडी पुढे ढकलायची. दोन्ही एकाच दिशेने काम करतात, म्हणून मुलांना लगेच जमतं. दोरी हाताला गुंडाळायची नाही. पाय घसरून चाकाखाली जाऊ नयेत म्हणून दांडीच्या दोन्ही टोकांशी, चाकाच्या आतल्या अंगाला, ४ सेंमी उंच पट्टी ठोका.

बोटांचंही पाहा. तोल गेला की मूल फळीची कड धरतं आणि बोटं मागच्या चाकापाशी जातात. बैठकीच्या बाजूला फळीच्या वरच पकडायला दोन मुठी द्या, म्हणजे हात तिकडे जाणारच नाही.

ब्रेक. पाय घासून थांबणं म्हणजे बूट फाडणं आणि घोटा मुरगळणं. दोन्ही बाजूंना ६० सेंमीची एकेक दांडी लावा, फळीवर कडेला बसवलेल्या ठोकळ्यात १२ मिमी बोल्टवर. बोल्टपासून हाताकडे ४० सेंमी, मागे २० सेंमी. मागच्या टोकाखाली, म्हणजे मागच्या आसाच्याही मागे, जुन्या टायरचा तुकडा जोडलेला ठोकळा. पुढचं टोक वर ओढलं की टायर जमिनीवर दाबला जातो, दुप्पट जोराने. मोकळा असताना तो जमिनीपासून दीड-दोन सेंमी वर राहिला पाहिजे, त्यासाठी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून लावा. दोन्ही दांड्या पुढे एका आडव्या काठीने जोडा. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर गाडी गोल फिरते.

टायर आसाच्या मागे का? पुढे असेल तर तो जमिनीत रुततो आणि गाडी उचलतो. मागे फरफटत येणारा ब्रेक नुसता घासतो.

परीक्षा सोपी आहे. मुलाला बसवून गाडी उताराच्या सगळ्यात तीव्र जागी उभी करा आणि ब्रेक ओढायला सांगा. जागची हलली तर ब्रेक अपुरा.

उतार. एक मीटरची सरळ पट्टी उतारावर धरा, अर्ध्या भरलेल्या आडव्या बाटलीतल्या पाण्यावरून ती सपाट करा आणि खालच्या टोकाखालची फट मोजा. ५ ते ८ सेंमी फट शिकायला उत्तम. १० सेंमीच्या वर मी मुलांना नेणार नाही. एकूण किती उंचीवरून खाली येता त्यावर वेगाची कमाल मर्यादा ठरते: १ मीटर उंचीला ताशी सुमारे १६ किमी, २ मीटरला सुमारे साडेबावीस. घर्षणामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतो. जमिनीपासून साडेआठ सेंमीवर बसलेल्याला ताशी १५ किमीसुद्धा वाऱ्यासारखे वाटतात, तेव्हा जास्तीची गरज नाही.

यातला कामाचा हिशोब असा: निम्म्या उंचीवरून सुटलात तर वेग फक्त ३० टक्क्यांनी कमी होतो, थांबायला लागणारं अंतर मात्र निम्मं होतं. चौथ्या हिश्श्यावरून सुटलात तर वेग निम्मा आणि अंतर चौथा हिस्सा. पायथ्याशी उताराच्या लांबीएवढी सपाट मोकळी जागा हवी, समोर भिंत, गटार किंवा वाहनांचा रस्ता नको. पायथ्याशी एक मोठा माणूस उभा असावा.

आधी झाडू मारा. ३१ मिमी त्रिज्येच्या चाकापुढे १ सेंमीचा खडा म्हणजे पायरीच आहे. बारीक वाळूवर लोखंड घसरतं आणि गुळगुळीत कोब्यावर वळणच घेत नाही. सकाळचं दव वाळेपर्यंत थांबा, ओल्या रस्त्यावर चाक आणि ब्रेक दोन्ही दगा देतात. संध्याकाळी कलता सूर्य थेट डोळ्यांत येईल असा उतार टाळा. हेल्मेट, बंद बूट, कोपर-गुडघ्यांचे पॅड आणि हातमोजे घालायचेच. बधिर बोटांनी ब्रेक नीट ओढला जात नाही. मफलरची टोकं स्वेटरच्या आत.

आठवणीतल्या सगळ्याच करामतींना माझा विरोध नाही. मागचं टोक मुद्दाम घसरवून गाडी फिरवणं सपाट जागेवर खुशाल करू द्या. पोटावर झोपून डोकं पुढे करून सुटणं मात्र बंद, कारण धडक पहिली डोक्याला बसते. दोघांनी बसणंही नको: वजन दुप्पट, ब्रेकचा जोर तेवढाच, म्हणजे थांबायचं अंतर दुप्पट. तीन-चार गाड्यांची आगगाडी केली की मागच्यांचा सगळा धक्का पहिल्यावर येतो.

पहिल्या दिवशी उताराच्या चौथ्या हिश्श्यावर खडूने रेघ मारा आणि पायथ्याच्या सपाटीवर दुसरी. पहिलीवरून सुटायचं आणि दुसरीच्या जास्तीत जास्त जवळ थांबायचं, हीच शर्यत. लागोपाठ पाच वेळा हातभर अंतराच्या आत थांबता आलं की वरची रेघ दोन पावलं मागे सरकवा. आणि रेघ सरकवण्यापूर्वी दर वेळी गाडी उलटी करून चारही पाचरी आणि खिळीचा नट हाताने चाचपून बघा.