इंग्लंडमधल्या खंदकाच्या रिकाम्या जागेला संरक्षण कशासाठी?

सफोकमध्ये तुमच्या घराजवळच्या कुरणात पाण्याने भरलेला चौकोनी चर आहे, आत एकही भिंत उरलेली नाही, मग हे संरक्षित स्मारक कसे, असा तुमचा प्रश्न आहे. तिथे जपण्याजोगे जे आहे ते जमिनीखाली आहे, आणि त्यातले सर्वांत मोलाचे चराच्या तळाच्या गाळात आहे.

खंदक म्हटले की आपल्याला नगरचा भुईकोट आणि त्याला पडलेले वेढे आठवतात. इंग्लंडमध्ये मात्र खंदकाने वेढलेल्या अशा सुमारे ६,००० मध्ययुगीन जागा ज्ञात असून त्यांतल्या बहुतेक जमीनदार घराण्यांच्या राहत्या वाड्यांच्या होत्या. साधारण १२५० ते १३५० या काळात त्या सर्वाधिक खोदल्या गेल्या, आणि लढाईपेक्षा प्रतिष्ठेसाठी. वॉरविकशायरमधील बॅडस्ली क्लिंटनसारखे काही वाडे आजही पाण्याच्या कवेत उभे आहेत, पण बहुतेक ठिकाणच्या लाकडी इमारती नाहीशा झाल्या आहेत.

सतत पाण्याखाली राहिलेल्या गाळात हवा शिरत नाही, त्यामुळे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तिथे शतकानुशतके टिकतात: चामडी जोड्यांचे तळवे, लाकडी वाडगे, बिया, परागकण, भुंगेऱ्यांचे पंख, आणि पुलाचे ओक लाकडाचे खांब, ज्यांच्या वाढीच्या वलयांवरून झाड कधी तोडले हे कित्येकदा अचूक सांगता येते. वाड्यात काय शिजत होते आणि भोवती कोणती झाडे होती, हे दगडी भिंतीपेक्षा हा गाळ अधिक सांगतो. म्हणूनच ‘चर जरा साफ करू’ हा सद्हेतूने केलेला उद्योग मला सर्वांत घातक वाटतो. यंत्राने एका दिवसात उपसलेला थर पुन्हा कधीच मिळत नाही. भूजलाची पातळी खाली गेली तरी तेच नुकसान होते, फक्त सावकाश.

१९७९च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार अनुसूचित, म्हणजे संरक्षित स्मारकांच्या अधिकृत यादीतल्या, जागेत खोदकाम, भराव किंवा बांधकाम करण्यापूर्वी शासनाची लेखी संमती लागते, आणि परवान्याशिवाय धातुशोधक यंत्र वापरणे हा गुन्हा आहे. जमिनीची मालकी मात्र बदलत नाही, आणि आधीपासून चालत आलेली शेतीची कामे ठराविक अटींवर चालू ठेवता येतात. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या ऑनलाइन यादीत तुमच्या जागेची नोंद नकाशासह सापडेल. अशा नोंदींत कुंपणे आणि फाटके बहुधा वगळलेली असतात, पण त्यांच्याखालची जमीन संरक्षणात धरलेली असते.