नुकताच कोविड झालाय, विमान पकडू का?

प्रश्न : मी नौपाड्यात राहतो. वय ६८, मधुमेह आहे. नऊ दिवसांपूर्वी कोविड झाला. ताप तीन दिवसांत गेला, पण काल केलेली आरटी-पीसीआर पॉझिटिव्हच आली. पाच दिवसांनी लेकीकडे न्यू जर्सीला निघायचंय. तिकीट रद्द करू का?

उत्तर : निदान त्या रिपोर्टपायी तरी नको. ही टेस्ट विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते, त्यामुळे खडखडीत बरा झालेला माणूसही कधीकधी तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह दिसतो. अमेरिकेने विमानात बसण्याआधीच्या टेस्टची अट १२ जून २०२२ रोजीच काढली. मग ही केलीत कशाला? कुणीतरी शेजाऱ्याने सुचवली असणार.

मला काळजी आहे ती तुमच्या दमाची. उडत्या विमानात हवा ६ ते ८ हजार फुटांच्या डोंगरावर असते तितकी विरळ असते. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे पंधरा-सोळा तास तुम्ही कळसूबाईच्याही वर बसणार! तेव्हा २०२१ मध्ये घरोघरी केली तीच चालण्याची चाचणी पुन्हा करा. ऑक्सिमीटरवरचा आकडा पाहा, सपाट जमिनीवर सहा मिनिटं चाला, लगेच पुन्हा पाहा. आकडा ९४ च्या खाली गेला, तीन-चार अंकांनी घसरला किंवा मध्येच धाप लागून थांबावं लागलं, तर तलावपाळीची फेरीसुद्धा राहू द्या आणि छातीच्या डॉक्टरांकडे जा. आकडा टिकला, तरी मधुमेह आहे म्हणून निघण्याआधी तुमच्या फिजिशियनना भेटाच. इन्सुलिन असेल तर हातातल्या बॅगेत ठेवा.

प्रश्न : घणसोलीहून लिहितेय. मुलाला परवा ताप आला, घरच्या किटवर पॉझिटिव्ह. उद्या रात्री ग्रुप टूरने व्हिएतनामला जायचंय. पॅरासिटामॉल दिलं की ताप उतरतो. नेऊ का? पैसे बुडतील हो!

उत्तर : नका नेऊ. गोळीने उतरवलेला ताप हा उतरलेला ताप नव्हे. औषधाशिवाय २४ तास ताप नको, खोकला-सर्दी उतरणीला लागलेली हवी आणि पुढचे पाच दिवस मास्क. विमानातली हवा हेपा फिल्टरमधून गाळली जाते, मान्य. पण बोर्डिंगच्या रांगेत आणि टूरच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या आजींना त्याचा काय उपयोग? डॉक्टरांचं सर्टिफिकेट आजच घ्या, टूरवाल्याला आजच कळवा आणि विम्यात प्रवास रद्द झाल्याची भरपाई आहे का ते पाहा.

प्रश्न : नेरुळ, वय ५२. कोविडचा न्यूमोनिया होऊन पाच दिवस ॲडमिट होतो, घरी येऊन तीन आठवडे झाले. पुढच्या आठवड्यात लंडन. मित्र म्हणतो, रक्त पातळ राहायला ॲस्पिरिन घे.

उत्तर : मित्राला माझा नमस्कार सांगा, गोळी मात्र घेऊ नका. भीती खोटी नाही. स्वीडनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसलं, की कोविडनंतर पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका तीन महिने आणि फुफ्फुसातल्या गुठळीचा सहा महिने वाढलेला असतो. त्यात चार तासांहून लांबचा प्रवास भर घालतो. औषध लागेल का, हे तुमच्यावर उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील. एअरलाइनला प्रवासयोग्यतेचा दाखला लागतो का, तेही आत्ताच विचारा. विमा काढताना ॲडमिट झाल्याचं लपवलंत तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. विमानात मधल्या वाटेलगतची सीट घ्या, उठून चालत राहा, पोटऱ्या हलवा. उतरल्यावर एकाच पोटरीला सूज आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. छातीत कळ आली किंवा श्वास लागला, तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसू नका, तिथे ९९९ लावा.